सातावरून पाचावर

पेणजवळच्या कासू गावाच्या पुढे डोंगरावर जी मोठी निवासी शाळा आहे, तिथे मुलं शिकत नाहीत, वाढतात. निदान फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलंय. मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन हन्नाबाई अष्टमकर यांनी ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. खतपाणी मिळालं की दुधी भोपळाही वाढतो, त्याची काय पाटी लावायची? पण नोकरी चांगली होती. भाऊ-बहिणी, भाचे-पुतणे सगळे कधीच इस्रायलला जाऊन स्थिरावले होते. रोह्याच्या घरात एकटीने भिंतींशी बोलण्यापेक्षा तेवीस मुलींशी बोललेलं काय वाईट, असं म्हणून हन्नाबाई डोंगरावर राहायला आल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

शाळेत ही वाढ मोजायचा एक फॉर्म असे. ऑगस्टात एकदा भरायचा, मार्चात पुन्हा. ‘स्वतःची कामं स्वतः करते’, ‘इतरांची काळजी घेते’, ‘अडचणीत डगमगत नाही’ असे रकाने, आणि प्रत्येकात एक ते सात गुण. ऑगस्टाच्या फॉर्मवर पालकांची सही घेत. दोन फॉर्ममधला फरक म्हणजे त्या मुलीची वर्षाची वाढ.

यंदा शाळेने आसपासच्या मुलींसाठी दोन फुकट जागा ठेवल्या होत्या. त्यातल्या एका जागेवर रामवाडीच्या पलीकडच्या आदिवासीवाडीतली पारी आली. वय अकरा, सामान एक पिशवी. तिच्याच खोलीत नैरोबीची नाओमी आली, सामान चार बॅगा. नाव ऐकून हन्नाबाई हरखल्या आणि आपल्या ज्यू लोकांतलीच कुणी समजून त्यांनी तिला कडकडून मिठी मारली. ती निघाली दर रविवारी चर्चला जाणाऱ्या घरातली. पण दिलेली मिठी काही परत घेता येत नाही, त्यामुळे नाओमी लाडकी झाली ती झालीच.

नाओमीला चादर घालता येत नव्हती, मोजा पिळता येत नव्हता. पारी मात्र पहाटे पाचला उठे, स्वतःचं अंथरूण आवरे, मग न सांगता नाओमीचं, मग व्हरांडा झाडून काढी. नाश्त्याची घंटा व्हायच्या आत ती वेणी घालून तयार. काही सांगा, ‘व्हय’ म्हणे. हिच्या आईचे पाय धरले पाहिजेत, असं हन्नाबाईंना वाटलं.

ऑगस्टाचा फॉर्म द्यायचा दिवस नेमका शुक्रवार. सूर्य मावळायच्या आत हन्नाबाईंना शब्बाथचा दिवा लावायचा असे, आणि शनिवारी त्या पेन हातात धरत नसत. दोन तासांत तेवीस फॉर्म उरकायचे होते. पारीचा फॉर्म सर्वांत झटपट झाला. वरपासून खालपर्यंत सातच सात.

ऑक्टोबरात पोर अंगात ताप घेऊन दोन दिवस वर्गात बसली, खेळाच्या तासाला पळली आणि तिसऱ्या दिवशी जेवणघरात ताटावरच कोसळली. रोह्याला दवाखान्यात नेली तेव्हा मलेरिया निघाला. हन्नाबाई उशाशी बसून होत्या. पारीने डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, “सांगितलं का नाय गो?”

“कुनाला सांगू?” पारी म्हणाली. “आय कामावर आसते. मी निजले तं केरूला कोन बगंल?”

केरू तिचा तीन वर्षांचा भाऊ, आणि तो तिकडे लांब वाडीवर होता. पण ही पोर अजून त्याच्यासाठी जागीच होती. हन्नाबाईंना आपल्या त्या सातांची लाज वाटली.

परत आल्यावर त्यांनी हुकूम सोडला. “रोज माझ्याकडे यायचं आणि कायतरी मागायचं. मागितल्याशिवाय मी जेवणार नाय.”

हन्नाबाईंचं जेवणावर किती प्रेम आहे हे सगळ्या वसतिगृहाला ठाऊक होतं. पारी घाबरलीच. पहिल्या दिवशी तिने झाडू मागितला. दुसऱ्या दिवशी नाओमीसाठी साबण. मागायचं ते आपल्यासाठी, हे डोक्यात शिरायला दिवाळी उजाडली. मग एकदा तिने डोक्याला तेल चोळून मागितलं. मग दुसरं ऑम्लेट. जानेवारीत एका शनिवारी सांगून गेली, “उद्या मला उठवू नका, मी निजनार हाय.” फेब्रुवारीत हन्नाबाईंनी दुसऱ्या मुलीची वेणी आधी घातली म्हणून ती दोन दिवस रुसली. तो रुसवा पाहून हन्नाबाईंनी मनातल्या मनात साखर वाटली.

मार्चात त्यांनी फॉर्म भरला तो अगदी सचोटीने. स्वतःची कामं स्वतः करते? कसली करते! स्वेटर पडेल तिथे राहतो आणि नाओमी उचलते. पाच. अडचणीत डगमगत नाही? परवा गणिताच्या पेपराआधी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पाच. नाओमी दोनावरून सहावर गेली होती. दोघींचे फॉर्म हन्नाबाईंनी सारख्याच अभिमानाने दिले.

दोन दिवसांनी निकेश सर आले. फुकट जागांचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस सरळ, पण टाय आणि नियम दोन्ही गळ्याशी घट्ट.

“मावशी, काय करून बसलात? बाकीच्या बावीस जणी वर चढल्यात, पारी एकटी खाली आलीय. वाढ दिसली नाही तर फुकट जागा पुढच्या वर्षी मिळत नाही. पारीला घरी जावं लागेल.”

“अहो, ती वाढलीय.”

“सातावरून पाचावर?”

“तेच तर.”

निकेश सरांनी कपाळाला हात लावला. पारी जावी असं त्यांनाही वाटत नव्हतं, म्हणून त्यांनी एक तोड काढली होती. ऑगस्टाचा फॉर्म बदलायचा. सातांच्या जागी दोन. “आदिवासीवाडीतून आली तेव्हा हिला काही येत नव्हतं, असं लिहिलं तर कुणालाही पटेल.”

“पटेल, ह्याचाच मला राग येतो,” हन्नाबाई म्हणाल्या. पण पोरीची जागा पणाला लागली होती, आणि तो राग कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

फॉर्म बदलायचा तर आईची सही पुन्हा हवी. सोमवारी पारीची आई, बायजा, मजुरी बुडवून पेणहून गाडीने कासूला उतरली आणि चढ चढून आली. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. पारी दाराशी उभी. निकेश सरांनी कागद पुढे करून सगळं समजावलं.

“येवढंच ना?” बायजा म्हणाली. “ल्ह्या, काय बी येत नवतं. पोरीची जागा ऱ्हाऊ द्या. माजं काय जातंय?” आणि तिने पेन उचललं.

हन्नाबाई तिला अडवायला पुढे झाल्या आणि थांबल्या. आईच तयार आहे तर आपण कोण मोडता घालणार?

“नाय,” दारातून आवाज आला. “आये, सही करू नको.”

“गप गो.”

“नाय. खोटं हाय त्ये.” पारी पुढे आली आणि थेट मॅडमसमोर उभी राहिली. “मला चूल पेटवाया आयनं शिकवलंय. बिळातनं खेकडा काडाया, केरूला निजवाया, पेणच्या बाजारात एकटीनं जाया. समदं येत व्हतं मला. मला हितंच शिकायचंय, जागा पायजे, मी मागते तुमच्याकडं. पन आयनं काय शिकवलं नाय असं ल्हिवू नका.”

निकेश सरांनी टाय सैल केला. मॅडमनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

“मावशी, ऑगस्टमध्ये ही असं बोलली असती?”

“ऑक्टोबरात तापाने फणफणली तरी तोंड उघडलं नव्हतं हिने,” हन्नाबाई म्हणाल्या. “घसरली म्हणता ना, ती इथवर घसरलीय.”

मॅडमनी नवा कागद बाजूला सारला, मार्चाच्या फॉर्मवर ‘जागा पुढे चालू’ असं लिहून सही केली, आणि ट्रस्टींना काय सांगायचं ते मी पाहीन म्हणाल्या. निकेश सरांनी विचारलं, वाढीच्या रकान्यात काय भरू? “आत्ता ऐकलंत ते भरा,” मॅडम म्हणाल्या.

पारी वर्गात पळाली. बायजा मात्र बाहेर पायरीवरच बसली. हन्नाबाईंनी चहा आणला, तो तिने हातात नुसता धरून ठेवला.

“मी सही करीत व्हते, बाय.”

“पोरीसाठीच करत होतीस.”

“व्हय.” बायजाने पदराने डोळे पुसले. “माज्या आयनं मला येवढं शिकवलं, पन मी कंदी बोलले नाय तिला. ही येवढ्या सायबांसमोर बोलली.” मग हन्नाबाईंकडे वळून म्हणाली, “काय काय म्हनली ती? मगा भीतीनं मला धड आयकू नाय आलं. परत सांगा.”

हन्नाबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि चुलीपासून सांगायला लागल्या.