हात अण्णाजींचा, नाव कोकिळाबाईंचं

मित्रांनो, मी बीपी मोजणारी एक जुनी मशीन आहे. फार जुनी नाही, पण पट्टा उसवलाय, बटणावरचा रंग गेलाय आणि एका घरातल्या सकाळच्या आठवणी काही केल्या माझा पिच्छा सोडत नाहीत. हसू नका, ऐका तर खरं.

कारखान्यातून मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात आले आणि तिथून केळझरला कोकिळाबाईंच्या घरी. त्यांचा बीपी जुनाट आणि हट्टी. दर वेळी बसचे धक्के नकोत म्हणून दवाखान्यानं मला त्यांच्या मोबाइलशी जोडून दिलं. सकाळी पट्टा दंडाला बांधायचा, बटण दाबायचं. आकडा आपोआप दवाखान्यातल्या नंदिनी सिस्टरांकडे जाई आणि तिथून मेसेज येई, "कोकिळाबाई, नमस्कार. आज तुमचा बीपी ठीक आहे."

काय माझा थाट होता! कोकिळाबाई मला धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवत. शेजारणींना सांगत, "हे मशीन नाई वं माय, माही पोरगीच आहे. रोज पुसते, कशी आहेस म्हणून." मी आधीच फुगणारी, आणखी फुगायचे.

मग डेंग्यूचा ताप आला. त्यांना नागपूरला नेलं, ते नेलंच.

तेरवी झाली. त्यांची लेक वर्षाली बोरगाव मेघेला सासरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा रुमाल सुटला. मला वाटलं, चला, आता अडगळीत रवानगी. पण पट्टा दंडाला बसला. दंड ओळखीचा नव्हता. तो अण्णाजींचा होता, कोकिळाबाईंच्या नवऱ्याचा. मोबाइल वाजला आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "कोकिळाबाई, नमस्कार." रिकाम्या घरात ते नाव घुमलं. बाई गं, माझ्या अंगावर काटा आला!

मग हे रोजचंच झालं. गेलेल्या बाईच्या नावानं मी जित्या माणसाचा बीपी मोजत राहिले. पट्टा फुगताना वाटायचं, कोकिळाबाई शेजारीच बसल्यात, आता बांगड्या मागे सारतील. आकडा मात्र चढत चालला होता. "कोकिळाबाई, बीपी वाढलाय. गोळी चुकवू नका," असा मेसेज आला की अण्णाजी रिकाम्या खाटेकडे बघून म्हणत, "आयकलं काय? गोळी काऊन चुकवतं?" स्वतः मात्र एकही गोळी घेत नसत. मी ओरडून सांगणार तरी कशी?

शेवटी नंदिनी सिस्टर स्वतःच स्कूटीवरून आल्या. "मावशी कुठे आहेत?" असं विचारता विचारता त्यांना भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला आणि त्यांनी हातातल्या मोबाइलवरचा आकडा पुन्हा पाहिला.

"मग हा बीपी कोणाचा, अण्णाजी?"

"माहाच."

"अहो, एवढ्या बीपीत लकवा मारतो माणसाले! आजच तुमच्या नावानं नोंद करते, औषध सुरू करू."

"मंग तिचं नाव?"

"काढावं लागेल."

अण्णाजींनी मोबाइल मुठीत घट्ट धरला. मग म्हणाले, "बायकोचं नाव घ्याची आमच्यात रीत नव्हती, पोरी. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. मंग जलमभर वर्षालीची माय. तुमचा मेसेज वाचतो, तवा तिचं नाव तोंडात येते. तेही काढता?"

सिस्टरांचे डोळे भरून आले. "नाव घ्यायले मेसेज कायले पाह्यजे, अण्णाजी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि नोंद बदलून गेल्या.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं की त्याच्या फोटोला हार सगळेच घालतात. मागे राहिलेल्याच्या दंडाला पट्टा कोण बांधतं? तुम्ही बांधा. आणि ज्याचा दंड, त्याचंच नाव लावा. माझ्या काचेवर आकडा उमटतो, माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "अण्णाजी, नमस्कार. गोळी घेतली का?" अण्णाजींनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले आणि फोटोकडे वळले. चेहऱ्यावर आलेला हार बाजूला सारला.

"कोकिळा," ते म्हणाले, "घेतली वं गोळी."