नारिंगी चिंध्या

एर्निस यायला हवा होता झुलत्या पुलावरून, सायकलवर बसून. आला तो ओढ्याच्या वरच्या अंगाने, सायकल खांद्यावर घेऊन, गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेला. त्याला बघताच जिपारने कपाळाला हात लावला.

"जिपार-एजे, ही वाट सायकलींसाठी आखलीत की बेडकांसाठी?"

"तुम्ही तिकडे गेलातच कसे?"

"तुमच्या चिंध्यांमागे! नारिंगी चिंधी दिसली की तिकडे वळायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. वळत गेलो. शेवटची चिंधी झऱ्यापाशी, आणि पुढे नुसती दलदल."

झऱ्याकडे जिपारने एकही चिंधी बांधली नव्हती. पण हे आता या माणसाला सांगून उपयोग काय! कामात घोळ घालणारा प्रत्येक जण हेच सांगतो.

एर्निस दर शरदात खडीच्या, मातीच्या वाटांवर सायकलींची मोठी फेरी काढायचा. यंदा त्याला नवं खोरं हवं होतं आणि दोन खोरी त्याच्या नजरेत होती. सोबत वाटाड्या नाही, हातात नकाशा नाही, नुसत्या खुणांवर वाट सापडली पाहिजे, ही त्याची अट. जिपारच्या केमीन खोऱ्यातली वाट पसंत पडली, तर तिची राखण आणि येणाऱ्यांची राहण्याजेवण्याची सोय, दोन्ही कामं जिपारकडे येणार होती. नाही पडली, तर मॉस्को. नवरा वारल्यावर दोन हिवाळे तिने तिथली अंगणं झाडली होती, बर्फ उपसला होता. मुकादमीण परवाच फोनवर म्हणाली होती, "येतेस की दुसरी बघू?"

आणि वाट काय आयती मिळाली होती? एक पाहुणा जाताना आपली जाड टायरांची सायकल मागे ठेवून गेला, तेव्हापासून जिपारने नदीकाठ आणि स्प्रूसचं जंगल पालथं घातलं होतं. आडव्या पडलेल्या फांद्या करवतीने कापल्या, वाहून गेलेल्या जागी टोपल्या टोपल्या खडी टाकली. लोक हसले. सासूबाई तर रोज हसल्या.

"उद्या सकाळी पुन्हा बघतो," चिखल निपटत एर्निस म्हणाला. "दुपारी मला पलीकडच्या खोऱ्यात पोचायचंय. पण उद्या पुन्हा बेडकांची गाठ पडली, तर मी परत यायचा नाही."

त्याला न्हाणीघराकडे पाठवून जिपार तडक फाट्यावर गेली. उजवीकडे नदीकाठची वाट, तिच्यावर तिच्या चिंध्या. डावीकडे झऱ्याची चढण, आणि तिच्यावरही थेट तशाच नारिंगी चिंध्या, झाडामागून झाड! काहींना चकाकती रुपेरी पट्टी होती. गाठी मात्र तिच्या नव्हत्या. वासरू बांधावं तशा दुहेरी, घट्ट गाठी होत्या. अशी गाठ गावात एकच बाई मारते, हे तिला न सांगता कळलं.

सासूबाई, बुरुलचा-आपा, गोठ्यात धार काढत होत्या.

"आपा, झऱ्याच्या वाटेवर चिंध्या तुम्ही बांधल्यात?"

"बांधल्या. का? झरा तुझ्या माहेरचा आहे?"

"अहो, त्या माझ्या खुणा होत्या! सायकलवाल्यांसाठी!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? जंगलभर झाडांना चिंध्या बांधत सुटलीस. म्हटलं, चला, आमच्या केलिनला, सूनबाईला, अक्कल आली, नवस करतेय. मग मीही बांधल्या. एका घरातल्या दोघींनी मागितलं की लवकर पोचतं."

"नवसाची चिंधी झऱ्यापाशी एक बांधतात! तुम्ही अख्खी वाट बांधून काढलीत!"

"गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत. जिथे दम लागला तिथे बसले, जिथे बसले तिथे बांधली. रिकामं बसून काय माशा मारायच्या?"

जिपारने दात आवळले. सुनेने आवाज चढवायचा नसतो, म्हणून ती गाईकडे बघत बोलली. "बरं. आता चला, सोडून टाकू."

"नवसाची गाठ सोडतात? वेड लागलंय का तुला? सोडणाऱ्याच्या मानगुटीवर बसते ती."

"एवढं मागितलंत तरी काय?"

"सांगितलं की फळत नाही."

झालं! पण ती रुपेरी पट्टी जिपारच्या डोक्यातून जाईना. ती घरात गेली आणि तिने पेटी उघडली. तळाशी मॉस्कोचं नारिंगी जाकीट होतं, रस्ता झाडणाऱ्यांना देतात ते. त्याचा पुढचा भाग गायब होता. पाठीचा तेवढा शिल्लक होता, कडेने दातेरी कापलेला.

ती जाकीट घेऊन गोठ्यात परतली. "हे तुम्ही कापलंत?"

"कापलं. ते अंगावर चढलं की तू जातेस."

"अहो आपा, ही वाट त्याला आवडली असती तर मला जावंच लागलं नसतं! तुमच्या चिंध्यांनी त्याला दलदलीत नेलं. आता तुमच्यामुळे मला जावं लागेल!"

"बघ! म्हणजे जायचं मनात होतंच ना? मग बांधल्या ते बरंच केलं."

भिंतीवर डोकं आपटावं असं जिपारला वाटलं. या बाईशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन हिवाळे फोनवर हिने गाईखेरीज कशाचं नाव काढलं नव्हतं. गाय बरी आहे, गाय दूध देते, गाय हल्ली खात नाही. 'ये' म्हणून एकदा तरी म्हणायचं होतं! संतापाने जिपारच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसत्या संतापाचं नाही हे कळल्यावर तिला आणखीच संताप आला.

सकाळी उठली तर आपा घरात नव्हत्या आणि गाय हंबरत होती. आज, नेमकं आजच! घाईघाईने धार काढून जिपार सायकलवर निघाली. चिंध्यांना हात लावायचा नाही, डाव्या वाटेवर फांद्या आडव्या टाकायच्या, असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

फांद्यांची गरज पडली नाही. फाट्यावर बुरुलचा-आपा उभ्या होत्या. हातात गुरं हाकायची काठी, अंगावर त्या जाकिटाची उरलेली पाठ, सुतळीने छातीवर आवळलेली. रुपेरी पट्टी उन्हात लखलखत होती. केवढ्या पहाटे निघून, किती ठिकाणी बसत त्या इथवर आल्या होत्या, कोण जाणे.

जिपार झाडाआड थांबली. चाकांखाली खडी चुरचुरली आणि एर्निस वळणावरून आला. चिंध्या दोन्हीकडे बघून त्याने ब्रेक दाबला.

"ए पोरा, थांबू नकोस! उजवीकडे!" आपांनी काठी उगारली. "डावीकडच्या माझ्या आहेत! उजवीकडच्या सुनेच्या!"

एर्निस निमूट उजवीकडे वळला. नदीकाठच्या स्प्रूसांतून त्याची सायकल पुलापर्यंत कुठेही न अडता गेली.

जिपार पुलावर पोचली तेव्हा तो हसत होता. "वाट झकास आहे, एजे. फेरी इथूनच. फक्त त्या दिवशी फाट्यावर आजींना उभं करा. एवढी खणखणीत खूण मी कुठे पाहिली नाही."

आपा घरी परतल्या त्या मिरवतच. "बघितलंस? झऱ्याने ऐकलं."

"झऱ्याने?" जिपार उसळली. "करवत मी चालवली! खडी मी वाहिली!"

"तू केलीस मेहनत, नाही कोण म्हणतंय? पण ऐकलं झऱ्याने. आता बोलू नकोस, तेल तापव. नवस फेडायला सात पुऱ्या तळून वाटायच्या आहेत." मग त्यांनी सुतळी सोडली आणि जाकिटाची पाठ जिपारपुढे टाकली. "हे घे तुझं. जायचं तर जा."

जिपारने ते उचललं, उलटंपालटं केलं.

"आपा, कात्री कुठे ठेवलीत?"

"आता कशाला कात्री?"

"झुलत्या पुलापाशी खुणा कमी पडतायत," जिपार म्हणाली.