यंत्रानं पाहुण्यांना अडवलं

चिकलठाण्याच्या त्या शाळेत कॉम्प्युटर एकच. मुलींना तो मिळायचा शनिवारी, तोही तासभर. पण तेवढ्यात नववीतल्या सारजानं काय भन्नाट प्रोग्रॅम लिहिला होता! माल निवडा, जकातीचा दर टाका, की शहराच्या तिजोरीत किती येईल अन् दुकानात माल किती महागेल, ते पडद्यावर हजर.

मुख्याध्यापिका भानुमतीबाईंनी बजावलं होतं, "प्रदर्शनात पाहुण्यांसमोर फजिती झाली तर मुलींचा तास बंद. दहावीची मुलं कधीची मागतायत."

मग काय, सारजानं प्रोग्रॅमला चांगलंच पढवलं. माल पाचच, कुणी सातवा निवडला तर नाय. दर शून्याखाली? नाय. आकड्याऐवजी अक्षरं? मुळीच नाय!

प्रदर्शनाच्या सकाळी तिच्या बाकावरच्या चतुरानं आगाऊपणा करून दरात 1/4 टाकलं.

"पाव टक्का गं! आमचे मामा असंच लिहितात."

यंत्रानं निमूट उत्तर दिलं. सारजानं ते पुन्हा एकदा वाचलं. तिरकी रेघ आली तिथंच यंत्रानं वाचणं सोडून दिलं होतं. पाव टक्क्याचा अख्खा एक टक्का!

"चतुरे, हे तर गुपचूप खोटं बोलतंय!"

तिनं घाईघाईनं नवी ओळ घातली. तिरकी रेघ दिसली की थांब, अन् म्हण, 'चुकीचा आकडा'. नेमक्या तेव्हाच बाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"पाहुण्यांना मशीन 'चुकलात' म्हणणार? काढ ते आधी!"

"बाई, पण हिशेब चौपट..."

"काढ म्हटलं ना." बाई फाटकाकडं गेल्या.

शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, रस्ते बंद, पाहुण्यांचा पत्ता नाही. सारजा पडद्यासमोर बसून राहिली. ओळ काढली तर यंत्र खोटं बोलणार, ठेवली तर तास जाणार. मग तिला वाटलं, दारी आलेल्याला आपण तरी तोंडावर चुकलात म्हणतो का? तिनं ओळ ठेवली, फक्त शब्द बदलले.

पाहुणे सदाशिवराव म्हणजे जकात खात्यातून निवृत्त झालेले साहेब. घाम पुसत आले. "केवढा मोर्चा हो! स्कूटर तिकडंच लावली, चालत आलो." खुर्चीत बसले, कापड निवडलं, आणि एका बोटानं टाकलं, 1... /... 4.

चतुरानं सारजाचा हात करकचून धरला.

पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं, 'माफ करा, दर दशांशात द्या. पाव म्हणजे 0.25.'

बाईंचा चेहरा पांढराफटक.

"अरेच्चा, मलाच शिकवतंय की हे!" सदाशिवराव वळले. "आणि नसतं शिकवलं तर?"

सारजा एक पाऊल पुढं आली. "चौपट जकात लागली असती, सर. आणि कुणाला कळलंही नसतं."

साहेब खुर्चीत मागं रेलून खदाखदा हसले. "आयुष्यभर दर असाच लिहिला मी! बाई, ही ओळ काढू नका हं."

"छे! मी कशाला काढू?" बाई म्हणाल्या, अगदी ठसक्यात. मग सारजाकडं न बघताच पुटपुटल्या, "शनिवारी वेळेवर या दोघी."

सारजा कशीबशी व्हरांड्यापर्यंत चालली. तिथं खांबाला टेकून ती अशी हसत सुटली, की चतुरानंच शेवटी तिच्या तोंडावर हात ठेवला.