चौथ्या फलंदाजाला हाक

ऑर्विन हाफनरला कुणीतरी सांगा, मी टेबल नाही. एवढा पासष्टीचा बाप्या, इथल्या चर्चच्या मंडळीचा मुख्य कारभारी, गावच्या बेसबॉल संघाचा म्होरक्या. पण दर रविवारी घामट टोपी काढून माझ्या झाकणावर आपटतो आणि तिच्या शेजारी सरबताचा थंड पेला ठेवतो. लाकडावर गोल डाग उठतात. तेही मी सोसलं असतं. पण आज पाच दिवस झाले, त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक घडी घातलेला कागद आहे आणि त्यावर तो सही करत नाही. माझी खरी तक्रार ती आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. वय एकशे अठरा. पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझी घडण झाली. अक्रोडाचं अंग, पितळेचे सूर, आणि पोटात चामड्याचा भाता. तिथून रेल्वेने मला नेब्रास्कातल्या लिंडाल गावी आणलं. आणणारी माणसं बीट खुरपायला दूर देशातून आली होती. त्यांच्या घरांना अजून धड दारं नव्हती, पण उपासनेला पेटी हवी म्हणून अडून बसली. हट्टी माणसं. मला हट्टी माणसं आवडतात.

माझी एक खोड आधीच सांगून ठेवते. काही पेट्या वारा बाहेर फुंकतात. माझी जात उलटी. पायाखालच्या फळ्या दाबल्या की मी खोलीतली हवा आत ओढते. म्हणजे माणसं गातात, प्रार्थना करतात, उसासे टाकतात, ते सगळं आधी माझ्या पोटात येतं. मला अक्षर ओळखता येत नाही, शाळा कशी असते तेही ठाऊक नाही. पण कुणाच्या श्वासात काय आहे ते मला विचारा.

रविवारची उपासना संपली की चार जण मला हातगाडीवर घालून मागच्या मैदानात नेतात. ताडपत्रीच्या सावलीत मी उभी राहते. लिंडालची एक रीत आहे. इथल्या प्रत्येक घराला एका गीताची एक ओळ दिलेली आहे. त्या घरचा फलंदाज बॅट घेऊन निघाला की मी ती ओळ वाजवते. तिला इथे हाक म्हणतात. नव्या माणसाला हाक द्यायची तर सगळ्या मंडळीने हात वर करावे लागतात. ती मिळाली की माणूस लिंडालचा. सरकारी शिक्का काय, येईल तेव्हा येईल.

काय दिवस होते ते! पाचव्या डावाला बीटच्या साखर कारखान्याच्या धुराड्याची सावली बरोबर तिसऱ्या बेसवर पडायची. बायका कोबी-खिम्याचे गरम बन वाटायच्या. कुणी जोरात मारला की चेंडू कुंपणापलीकडे बीटच्या शेतात गडप व्हायचा आणि पोरंटोरं आठवडाभर शोधत बसायची. शरदात बीट उपटले की कारखान्याच्या हौदात बीटबरोबर चेंडूही धुऊन निघायचे. एका वर्षी एकेचाळीस निघाले. माझ्यावर तेव्हा दर शनिवारी जवसाच्या तेलाचा हात फिरायचा. "आमची म्हातारी," म्हणायचे लोक. कौतुकाने म्हणायचे.

मग ऑर्विनचा थोरला भाऊ मर्ल सैन्यात गेला आणि विसाव्या वर्षी परदेशात मारला गेला. बातमी आली त्याच्या पुढच्या रविवारी, तिसऱ्या डावात, मर्लच्या जागी दुसराच पोरगा बॅट घेऊन निघाला. वाजवणारी लिडिया केम्लर मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचे पायही जमिनीवर होते. तरी माझ्या पट्ट्या एकामागून एक खाली गेल्या, आणि हाफनरांची ओळ वाजली. मी वाजवली म्हणू की वाजली म्हणू, मला आजही सांगता येत नाही. वारा नव्हता. पण फलंदाजाच्या चौकोनातली चुन्याची रेघ टाचेने घासल्यासारखी पुसली गेली. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

तेव्हापासून असं अधूनमधून होतं. माझी भीती वाटते म्हणून तेलाचा हात बंद झाला. पेटी आपणहून वाजली की माणूस मेलेला असतो, असं गावाने ठरवून टाकलं. ते चूक आहे. जो यायला हवा होता आणि आला नाही, त्याला मी हाक मारते. पण मला कोण विचारतो?

ऑर्विन मात्र दर जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या रविवारी, माझ्याजवळ उभा राहतो. झेंड्याकडे तोंड, छातीवर हात, डोळ्यांत पाणी. "मर्ल येतो," तो म्हणतो. त्याचं रडणं खोटं नाही. देशावरची माया खोटी नाही, प्रभूवरची श्रद्धाही नाही. म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

आता युसेबिओ इश्कोयचं सांगते. अकरा वर्षांपूर्वी हा ग्वाटेमालाच्या डोंगरातून जीव घेऊन आला. सोबत बायको ओतिलिया. कारखान्यात बॉयलरवर लागला. रविवारी फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलायचा आणि चौथा फलंदाज म्हणून यायचा. माझा भाता फाटला तेव्हा साऱ्या गावाने "आता हिला ठेवा अडगळीत" म्हटलं. त्याने आपला जुना हातमोजा उसवला आणि त्याच्या चामड्याचं ठिगळ मला लावलं. आजही माझा श्वास त्या ठिगळावर चालतो. त्याला हाक देताना सगळ्यांत आधी हात वर केला तो ऑर्विननेच.

युसेबिओला वर्षातून एकदा शहरातल्या सरकारी कचेरीत हजेरी द्यावी लागे. शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. या जूनमध्ये डबा घेऊन गेला आणि त्यालाच तिथे कोठडीत ठेवून घेतलं. नियम बदलला, म्हणाले. माणूस तोच होता. आता मंगळवारी निकाल: त्याला इथे राहू द्यायचं, की ज्यांच्यापासून जीव घेऊन पळाला त्यांच्याच हाती परत धाडायचं. वकील म्हणाला, मंडळीच्या मुख्य कारभाऱ्याने लिहून द्यावं की हा अकरा वर्षं आमच्यात आहे आणि भला माणूस आहे. न्यायाधीश ते बघतो. कागद सोमवारी सकाळी पोचायला हवा. ओतिलियाने तो बुधवारी ऑर्विनच्या हातात दिला.

"प्रार्थनेत ठेवतो," ऑर्विन म्हणाला.

आमच्या मंडळीत एखादी गोष्ट प्रार्थनेत ठेवली की तिच्याबद्दल पुन्हा विचारायचं नसतं. ते असभ्य समजतात. ओतिलियाने विचारलं नाही.

आजचा रविवार झेंड्यांचा. उपासनेत ऑर्विनने देशासाठी अशी प्रार्थना केली की म्हाताऱ्या बायकांनी रुमाल काढले. दुपारी मला मैदानात नेलं. ऊन असं की झेंडे मेल्यासारखे लटकलेले. लिडियाची लेक ट्रूडी माझ्यापुढे बसली. तीन फलंदाज झाले. चौथ्या जागी ऑर्विनने स्वतःचाच पुतण्या पाठवला. तो निम्म्या वाटेवर असताना माझ्या पट्ट्या खाली जाऊ लागल्या.

ट्रूडीने हात वर उचलले. "मी नाही! देवाशपथ, मी नाही वाजवत हे!"

युसेबिओची ओळ होती. हळू, पूर्ण, एकही सूर न गाळता. पोटातलं ते ठिगळ छातीसारखं वरखाली होत होतं. पुतण्या थबकला. चौकोनात कुणी नव्हतं, तरी पंचाने सवयीने हात वर केला आणि "चला" म्हणाला. गोलंदाजाने चेंडू टाकला नाही. नंतर तो सांगत होता, समोर कुणीतरी तयार उभं आहे असं त्याला वाटलं.

आणि मग एकेकाने टोप्या काढल्या.

ओतिलिया बाकावरून उठली. बनांचं ताट खाली पडलं. "घाला टोप्या! घाला म्हणते ना! काय बघताय?" ती धावत आली आणि ट्रूडीचे खांदे धरले. "ताई, गेला का गं तो? खरं सांग. मारला का त्याला?"

"अगं मला काय माहीत, बाई..."

ओतिलियाने तिथूनच कोठडीवर फोन लावला. कितीतरी वेळ नुसती घंटा वाजत राहिली. सारं मैदान ती ऐकत होतं. शेवटी कुणीतरी उचलला. "आहे," तिकडून आवाज आला. "मंगळवारपर्यंत आहे." आणि ठेवून दिला.

तिला मी किती घाबरवलं! त्याची बोच मला जन्मभर राहील. पण पाळी त्याचीच होती.

खेळ मोडला. ओतिलियाला घरी नेलं. ऑर्विन ताडपत्रीखाली आला.

"पट्टी अडकली असेल," तो म्हणाला. "जुनं यंत्र आहे."

"मर्लच्या वेळी नव्हती वाटतं अडकली?" ट्रूडीने विचारलं.

"मर्लचं नाव काढू नकोस. तो देशासाठी गेला. कायदा तो कायदा, ट्रूडी. मी नाही केला."

"कायद्याचं कोण बोलतंय? अकरा वर्षं इथे होता एवढं तर लिहायचंय. होता ना?"

"ते प्रार्थनेत आहे."

"पाच दिवस? अरे, प्रभूने अख्खं जग सहा दिवसांत केलं!" ती पर्स उचलून ओतिलियाकडे निघून गेली.

मैदानात कुणी उरलं नाही. ऑर्विन माझ्या स्टुलावर बसला. खिशातून कागद काढून मांडीवर ठेवला, मान खाली घातली आणि पुटपुटू लागला. त्याचे पाय नकळत फळ्यांवर पडले. त्याचा श्वास माझ्यात आला, आणि मी तो तळापर्यंत चाचपून पाहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा, मित्रांनो, मी तो श्वास बाहेर सोडला. चामडं करकरलं. सगळे सूर एकदम थरथरले आणि त्यांचे शब्द झाले. ऑर्विनची मान वर आली, चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. उठायला गेला, पण पाय फळ्यांवरून निघेनात. मी त्याला मोठ्याने, स्पष्ट सांगितलं:

"ऑर्विन, तुझी प्रत्येक प्रार्थना माझ्या पोटातून गेली आहे. तिच्यात देश आहे, पाऊस आहे, मर्ल आहे, तुझा दुखरा गुडघासुद्धा आहे. या पाच दिवसांत युसेबिओ एकदाही नाही. कागद तू देवापाशी ठेवलाच नाहीस, खिशात ठेवलास, आणि देवाला पुढे करून स्वतः मागे लपलास. तू वाईट नाहीस रे, भित्रा आहेस. आणि भित्र्याच्या हातून माणूस मेला, तरी मेलेला तो मेलाच. गेलेल्यांना हाक मारायला मी आहे. असलेल्याला मारायची हाक तुझी होती, आणि तू गप्प बसलास."