संशोधन सोडलेल्या स्त्रिया

मॅडमनी यादीतली चौदा नावं लाल पेनानं खोडली आणि पेनाला शांतपणे टोपण लावलं.

“नमुना शून्य,” त्या म्हणाल्या. “शून्यावर पीएच.डी. होत नाही. एम.ए. होतं कधीकधी.”

समोर उभ्या विद्यार्थिनीला विषय त्यांनीच सुचवला होता: स्त्री-अभ्यास विभागात नाव घालून संशोधन अर्ध्यावर सोडलेल्या स्त्रिया. विभागाच्या कपाटात अशा पंधरा फायली धूळ खात होत्या. सामग्रीला तोटा नाही, असं दोघींनाही वाटलं होतं. अडचण एवढीच निघाली, की सोडलं कुणीच नव्हतं. पहिली म्हणाली, धाकट्याची परीक्षा झाली की बसतेच. दुसरीचे सासरे सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले; ते सुटले की तीही सुटणार होती. अकरावीनं सव्वीस वर्षांत एकच प्रकरण लिहिलं होतं, पण ते चारदा सुधारलं होतं. ‘सोडलं’ हा शब्द कानावर पडताच एकीनं पुढे केलेला चहाचा कप परत आत नेला होता.

“महिनाअखेर तुझी मुदत संपतेय,” मॅडम म्हणाल्या. “सोडलंय असं सहीनिशी लिहून आण त्यांच्याकडून. नाहीतर सोळावी फाईल तुझी.”

विद्यार्थिनीनं यादी पिशवीत घातली. घरी सासूबाईंनी तिला यंदाचं वर्ष दिलं होतं. ‘दिलं’ हा शब्दही त्यांचाच.

पंधराव्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार सुनेनं उघडलं.

“आईंची पीएच.डी. ना?” ती हसली. “आमच्याकडे पाहुणे आले की निघतोच विषय. जेवणं झाल्यावर.”

साठी उलटलेल्या बाईंनी हे ऐकलं नसल्यासारखं केलं आणि पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत एकतीस सुईणींच्या मुलाखती होत्या, हातानं लिहिलेल्या, सुतळीनं बांधलेल्या. कसर लागू नये म्हणून बाई दरवर्षी त्यांना गच्चीत ऊन दाखवत.

“यातली एकही आता हयात नाही,” बाई म्हणाल्या. “आणि माझ्याखेरीज त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं. फक्त शेवटचं प्रकरण राहिलंय.”

“किती वर्षं झाली?”

“तुझं वय काय?”

“एकोणतीस.”

“तेवढीच धर. थोडी जास्त.”

सून कुकर लावायला आत गेली. विद्यार्थिनीनं कागद पिशवीतून काढले, पण पुढे करवेनात. शेवटी बाईंनीच ते तिच्या हातातून घेतले. आधी प्रश्नावली वाचली.

“नववा प्रश्न फसलाय. ‘कुणामुळे सोडलंत?’ असं विचारल्यावर कुठली बाई घरच्या माणसाचं नाव घेईल? ‘कुणाकुणाची मदत झाली?’ असं विचार. किती वेळ गप्प बसतात ते लिहून घे.”

मग त्यांनी दुसरा कागद वाचला. त्यावर एकच वाक्य होतं, खाली सहीची जागा.

“मी सही नाही केली तर तुझं काय होईल?”

“माझंही कपाटात जाईल. आधीच्या चौदा जणी सोडलं म्हणायला तयार नाहीत.”

बाई बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिल्या. मग पेन मागितलं. माहेरचं पूर्ण नाव लिहिलं, कारण नोंदणी त्या नावावर होती. तारीख घातली. शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरला.

“घे. तुझं तरी होऊ दे.”

सून हात पुसत बाहेर आली. तिनं विद्यार्थिनीच्या हातातला कागद उभ्याउभ्याच वाचला.

“मग आई, ती पेटी काढू का आता? जास्तीच्या गाद्या मावतील तिथे.”

“काढ,” बाई म्हणाल्या.

त्या विद्यार्थिनीला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. दार मागे ओढून घेतलं.

“त्या चौदा जणींकडे परत जाणार ना?”

“जावं लागेल.”

“घरच्यांसमोर विचारू नकोस. त्यांच्यासमोर कुणी कबूल होणार नाही. दुपारी एकटीला गाठ. आणि तुझं वर्ष फुकट जाईल म्हणून सांग. त्याला बायका नाही म्हणत नाहीत.”

विद्यार्थिनी एक मजला उतरली. तिथे थांबून तिनं वही उघडली आणि ‘संशोधनपद्धती’ या मथळ्याखाली ते सगळं शब्दशः उतरवून घेतलं.