राहिलेला डावा हात

मी एक जुने कोळशाचे चित्र आहे. माझ्यात एक बाई स्टुलावर बसली आहे, आणि तिला डावा हात नाही. मित्रांनो, तो काढायचा का राहिला तेवढे ऐका.

मला काढले सोलांजबाईंनी, फ्रान्समधल्या ल्यों शहरात. त्या मूर्तिकार. माणूस समोर बसवून त्याचे चित्र पुरे केल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. "हात बोटांपासून नाही, खांद्यापासून काढायचा," असे त्या शिष्यांना बजावत. माझ्यासाठी बसली होती त्यांची आई. उजवा हात झाला आणि उजेड गेला. दुसऱ्या दिवशी आई उठलीच नाही.

पुढे सोलांजबाईंचे नाव झाले. चौकाचौकांत त्यांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. मग वारे फिरले आणि त्याच मूर्ती गोदामात गेल्या. सोलांजबाई आयर्लंडला, वॉटरफोर्डला राहायला आल्या तेव्हा सोबत मी होते. आईची मूर्ती तेवढी घडायची राहिली होती. पण तो हात मांडीवर होता की स्टुलाच्या कडेला, हेच त्यांना आठवेना.

या मार्चमध्ये आठवले. हसत हसत त्या कोळसा आणायला उठल्या आणि जिन्यात पडल्या.

हॉस्पिटलात जाताना त्यांनी मला शेजारच्या नरेशकडे सोपवले. नरेश औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, माणूस लाखात एक. पण त्याच्या घरी मार्कशीटपासून बारशाच्या पत्रिकेपर्यंत सगळे लॅमिनेट केलेले. त्याने कपाटातून ते लॅमिनेट करायचे मशीन काढले.

"बाबा, शी सेड इट्स नॉट फिनिश्ड," त्याची आठ वर्षांची स्वरांगी म्हणाली.

"अगं, म्हणूनच. आजी येईपर्यंत सेफ नको राहायला? इथली ओल बघतेस ना?"

मशीनचा लाल दिवा बराच वेळ जळत होता. मला ओरडता येत नाही. मग दिवा हिरवा झाला.

काल सोलांजबाई परतल्या. कोळसा त्यांनी बरोबर माझ्या खांद्यावर टेकवला. तो प्लॅस्टिकवरून घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला.

"आय विल गेट न्यू पेपर," नरेश म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"इट्स ग्रँड, नरेश." 'असू दे' म्हणायची ही इथली रीत. त्यांनी कोळसा डबीत ठेवला. नव्या कागदावर हात काढता आला असता, पण खांदा माझ्याकडे होता.

मित्रांनो, मला आता ओल लागणार नाही. मी शंभर वर्षे टिकेन, अशीच अर्धी. म्हणून हात जोडते, निदान माझ्या उजव्या हाताने. दुसऱ्याची वस्तू जपायला घ्याल, तेव्हा ती कशी जपायची हे त्याला आधी विचारा. नरेशच्या घरापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर होते.