अडकित्त्यातली गोळी
मुंबईला गोदामाच्या दारात स्टुलावर बसून बसून हैबतीला मधुमेह जडला. बासष्ट साली नोकरी सोडून तो डोंगरातल्या आपल्या गावी, कुडपणला परतला, म्हशी घेतल्या, गोळ्यांची बाटली देवळीत ठेवली आणि खुशाल डोंगर हिंडू लागला. गडी मोठ्या सुखात होता. पण थोड्याच दिवसांत दुपारच्या चढावर त्याचे हातपाय लटपटू लागले, दरदरून घाम सुटू लागला. घरी पोचला की त्याची बायको आनंदीबाई, डोंगर चढून आलेल्या कुणालाही द्यावं तसं, त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवी. गूळ पोटात गेला की स्वारी पुन्हा टवटवीत. तरी बायकोच्या जिवाला घोर लागलाच. महाडला लेकाकडे एक खोली रिकामी होती, दवाखानाही जवळ होता. डॉक्टरांनी आजार वाढला म्हटलं तर म्हशी विकून खाली राहायला जायचं, हे तिने ठरवूनच टाकलं.

म्हणून महाडच्या दवाखान्यात हैबतीने लटपटीबद्दल अवाक्षर काढलं नाही. आनंदीबाईने मात्र सगळं सांगितलं, गुळासकट. संपलं आता, हैबतीला वाटलं. त्याच्या डोळ्यांपुढे म्हशी उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळून पाहिली. रंग निळाच राहिला, म्हणजे साखर नव्हती.

"हैबतराव, गोळी जास्त होतेय तुम्हाला," ते म्हणाले. "चढताना साखर फार उतरते, म्हणून ही लटपट. स्टुलावर बसणाऱ्याची गोळी डोंगर चढणाऱ्याला कशी चालेल? उद्यापासून अर्धी घ्या. गूळ जवळ ठेवा, पण लटपट झाली तरच खायचा."

आनंदीबाईला ते पटेना. अर्धी केली नि साखर पुन्हा वाढली तर? डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला तपासून बघू. पुरी गोळीच हवी असेल, तर डोंगर सोडून खाली बसावं लागेल.

एस.टी.त पोलादपूरपर्यंत ती खिडकीतून डोंगराकडे बघत राहिली. हैबतीने म्हशींचा विषय काढला नाही. आपण तोंड उघडायचं नि नेमकं उलटं पडायचं, अशी त्याला धास्ती.

सकाळी आनंदीबाईने गोळी सुपारीच्या अडकित्त्यात धरली आणि फोडली. अर्धी त्याच्या तळव्यावर ठेवली, अर्धी बाटलीत परत टाकली. मग गुळाचा खडा फडक्यात बांधून त्याच्या बंडीच्या खिशात कोंबला.

"नि ती बाटलीतली अर्धी?" हैबतीने भीत भीत विचारलं.

"ती उद्याला," ती म्हणाली. "उद्यापण डोंगर चढायचा हाय ना तुमाला?"